दाजींची लाकडी जमीन

माझ्या साडूंइतका हट्टी माणूस कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात दुसरा झाला नाही. झाला असेलच, तर त्याचं माझ्याशी काही नातं नव्हतं, हे त्याचं आणि माझं, दोघांचंही नशीब. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणायचो. लष्करात पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग लावणाऱ्या पलटणीत ते सुभेदार होते. देशाच्या कानाकोपऱ्यातल्या नद्यांवर वीस-बावीस वर्षं पूल टाकून ते पेन्शनीत निघाले आणि सांगलीत, विश्रामबागेच्याही पलीकडे, त्या वेळी जिथं नुसती शेतं आणि बाभळी होत्या तिथं घर बांधून राहिले. मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचो. सातारा ते सांगली हा एस.टी.नं चार तासांचा रस्ता. लग्न झालं तेव्हा मला हे अंतर भरपूर वाटलं होतं.

दाजींच्या खिशात कायम ओळंबा असे. इतरांच्या खिशात तंबाखूची डबी असते, तसा यांच्या खिशात दोरी गुंडाळलेला पितळी लंबक. कुणाच्याही घरी गेले, की चहा येईपर्यंत ते एखादी भिंत तपासून घेत आणि कपबशी हातात घेता घेता यजमानांना सांगत, "भित दोन सूत भाईर गेलीया." मग त्या चहाची चव कुणालाच लागत नसे. कोरेगावजवळच्या एका लग्नात त्यांना मांडवाचा खांब कललेला दिसला. अंतरपाट धरलेला, हातात अक्षता, आणि दाजींनी दोन माणसं बोलावून खांब उपटायला घेतला. मुहूर्त साधला गेला तो केवळ भटजींच्या प्रसंगावधानानं. त्यांनी शेवटचं मंगलाष्टक इतकं लांबवलं, की नवरदेव दोनदा जांभई देऊन मोकळा झाला. नंतर मुलीच्या बापानं रागानं विचारलं, तेव्हा दाजी शांतपणे म्हणाले, "ल्हान मानूस चुकतंय, मोठं मानूस चुकतंय, पर ओळंबा चुकत न्हाई." आपण स्वतः ओळंब्याच्या बाजूचे आहोत, हे त्यात गृहीतच होतं. माप चुकलं, असं त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलेलं नव्हतं. चुकायचं ते लाकूड, गवंडी, सरकार किंवा मी.

त्यांची पत्रंही हुकमासारखी. पोस्टकार्डावर मायना नाही, आशीर्वाद नाही. 'रविवार. साडेनऊ. जुने कपडे.' एवढाच मजकूर, आणि खाली सही. माझी बायको ते कार्ड वाचून म्हणायची, "दाजींचा तुमच्यावर किती जीव आहे." मी जुने कपडे शोधायला लागायचो.

घरात माणसं तीनच. दाजी, आक्का आणि त्यांची मंगल. मंगल नऊ वर्षांची. ती तीन वर्षांची असताना तिला मोठा ताप आला आणि उतरताना तो तिचे दोन्ही कान घेऊन गेला. शिकलेले चार शब्दही मग हळूहळू ओठांवरून पुसले गेले. सांगलीत आल्यापासून ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत जात होती आणि चित्रं फार सुरेख काढायची. पण घरात ती कायम भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायची. मागून कुणी नुसता खांद्याला हात लावला, तरी अशी दचकायची, की हातातली पाटी लांब जाऊन पडायची आणि मग तासभर हुंदके थांबत नसत. म्हणून आक्का तिच्याकडे जाताना सगळ्या खोलीला वळसा घालून समोरून जायची. आम्हालाही त्याची सवय होऊन गेली होती, आणि सवयीच्या गोष्टीकडे कोण लक्ष देतो?

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. घर उभं राहिलं होतं, परमिटाच्या सिमेंटचा कोबा घालून झाला होता आणि मधल्या मोठ्या खोलीत कसली फरशी बसवायची एवढाच प्रश्न उरला होता. आक्कानं तो मनातल्या मनात सोडवून टाकला होता. शेजारच्या वकिलांकडे पांढऱ्यावर हिरवे ठिपके असलेली मोझाइकची फरशी होती. तशीच आपल्याकडे. दाजींनी दिवाळीच्या फराळाला सगळे नातेवाईक जमलेले असताना जाहीर केलं, की कोब्यावर अस्सल सागवानाची, फळ्या जोडून केलेली लाकडी जमीन होणार आणि ती ते स्वतः करणार. एकदम सगळे बोलायला लागले. वाळवी लागेल, जळेल, पावसाळ्यात कुजेल, उंदीर होतील. आक्का फक्त एवढंच म्हणाली, की घरात रोज लेझीम खेळायचं असेल तर तसं सांगा. कशासाठी, असं मी विचारलं. दाजींनी माझ्या ताटात अजून एक करंजी घातली आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा हिशोब चांगला हाय. मापाला तुमी."

माझा होकार कुणी विचारला नव्हता.

पहिलं काम म्हणजे कोबा कोरडा झाला आहे की नाही हे बघणं. कोबा डोळ्यांना कोरडा ठणठणीत दिसत होता. पण दाजींचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. त्यांनी खिडक्यांची तावदानं काढली, जमिनीवर आठ ठिकाणी ठेवली आणि कडा मेणानं बंद केल्या. सिमेंटच्या पोटात पाणी असेल, तर काचेला आतून घाम येणार. आला. रोज सकाळी येत राहिला. पुढचे दोन महिने त्या घराच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. चिमण्या आत आल्या, थंडी आत आली, एकदा शेजारचं मांजर आक्काचं दूध पिऊन गेलं. खोलीत पाऊल टाकायची कुणाला परवानगी नव्हती. मी मात्र दर पंधरा दिवसांनी साताऱ्याहून चार तास धक्के खात यायचो, गुडघ्यांवर बसायचो आणि काचेखाली दव आहे की नाही याची साक्ष द्यायचो. एका रविवारी कंटाळून मी सगळ्या काचा कोरड्या असल्याचं सांगितलं. दाजींनी खिशातून भिंग काढून माझ्या हातात दिलं.

त्याच वेळी लाकूड आलं. वखारीतनं नुसतं उचलून आणलं असतं, तर ते दाजी कसले? मिरजेत तंबोरे करणारे एक म्हातारे कारागीर होते. दाजींनी त्यांना टांग्यात घालून वखारीत आणलं. त्यांनी फळीफळीवर बोटाच्या पेरानं टकटक करून, कान लावून, निम्मी लाकडं बाजूला काढली. वखारवाल्यानं कपाळाला हात लावला. जमिनीला आवाज कशाला हवा, असं त्यानं विचारलं, तेव्हा दाजी म्हणाले, "तुजं काम लाकूड द्यायचं." निवडलेल्या फळ्या मग घरात आल्या. लाकडाला आधी घराची हवा लागली पाहिजे, म्हणून मधे पट्ट्या घालून छातीइतकी उंच रास रचली गेली, आणि तीन महिने ते कुटुंब तिच्या कडेकडेनं, नदीकाठच्या लोकांसारखं राहिलं. पाहुणे आले, की राशीवरच बसायचे. ठरवलेला सुतार दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी दाजींनी त्याच्या काटकोन मापायच्या गुण्याला आपला गुण्या लावून बघितला, आणि तो हत्यारं गोळा करून निघून गेला. त्याच्या जागी मग मी आलो. गणिताचा शिक्षक.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि काम सुरू झालं. कोब्यावर गरम डांबराचा हात, त्यावर दोन-दोन वितींवर सागवानी रिपा, आणि रिपांवर आडव्या फळ्या. प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला जीभ. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवायची आणि खिळा तिरका असा मारायचा, की वरून दिसता कामा नये. सांगलीचा वैशाख, खोलीत डांबराचा वास, गुडघे सोललेले. दाजी पाणसळ ठेवायचे, तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास रोखून धरायचे आणि मलाही धरायला लावायचे. बुडबुडा केसभर सरकला, की फळी उचल, रीप तास, पुन्हा ठेव. एका दिवसात कधी चार फळ्या व्हायच्या, कधी एकच. एकदा दिवसाच्या शेवटी कालच्यापेक्षा दोन फळ्या कमी भरल्या. या सगळ्यात त्यांचं तोंड सारखं चालू. कुठल्या नदीवर पूल कसा टाकला, कुठं हत्ती मदतीला आले, कुणाच्या चुकीनं दोर तुटला. मी हं हं करायचो आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचो.

सगळ्यांत मोठा वाद भिंतीच्या कडेचा. चारी बाजूंनी, फळी आणि भिंत यांच्यामधे बोटभर फट मोकळी सोडायची आणि तिच्यावर नुसती पट्टी झाकायची, असा दाजींचा आग्रह होता. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला अंग टाकायला जागा हवी. मी म्हटलं, सागवान कितीसं फुगणार? त्यांनी माझ्याकडे, वर्गातल्या ढ मुलाकडे मी बघायचो, तसं बघितलं.

शेवटच्या रविवारी माझा संयम संपला. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती, पाचची गाडी चुकली की पहिलाच दिवस बुडणार होता आणि दाजी एका फळीवरून तिसऱ्यांदा पाणसळ फिरवत होते. मी हातोडा खाली ठेवला आणि बोललो. म्हटलं, दाजी, तुमच्या एका हौसेपायी आक्काला आठ महिने घर नाही, मला सुट्टी नाही, आणि ही जमीन बघायला कोण येणार आहे? दाजी पाणसळ खाली ठेवून उठले. खिळे संपले म्हणून सायकल काढून बाजारात गेले. मी एकटा राहिलो आणि समोर शेवटची ओळ. शेवटची फळी नेमकी त्या बोटभर फटीएवढी जास्त रुंद निघाली. ती रंधून काढायची म्हणजे तासाचं काम. घड्याळात सव्वाचार झाले होते. मी ती फळी भिंतीला टेकवून हातोड्यानं ठोकून बसवली, एका टोकाला हलत होती तिथं पाचर मारली आणि वरून कडेची पट्टी ठोकून टाकली. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. दाजी परत आले, जमिनीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झाली की वो." मला पाचची गाडी मिळाली.

आषाढात पोस्टकार्ड आलं. 'जमीन उठली. या.'

मी गेलो. उत्तरेकडच्या भिंतीजवळ फळ्या एकमेकींवर रेलून बैलाच्या वशिंडासारख्या वर आल्या होत्या. खिळे रिपांतून निघाले होते. खोलीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात जमीन जशीच्या तशी, गुळगुळीत. दाजी तिथंच पाटावर बसले होते. दाढी वाढलेली. त्यांना मी दाढी वाढलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी अजून कशाला हात लावला नव्हता. पहार माझ्याकडे दिली आणि म्हणाले, पट्टी तुम्हीच काढा. मी काढली. फट नव्हतीच, फळी भिंतीत रुतून बसली होती, आणि टोकाला माझी पाचर. तिच्यावर हातोड्याचे घाव स्पष्ट दिसत होते. मी ती उपसून त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, की दाजी, हे मी केलं. गाडीसाठी.

मला वाटलं होतं, आता लष्करातले सगळे शब्द ऐकायला मिळणार. दाजींनी पाचर उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "हितं बसा."

मंगल त्या वेळी खोलीच्या चांगल्या भागात, जमिनीवर बसून पाटीवर काहीतरी काढत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. पाठ दाराकडेही होती. हे माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. दाजींनी बसल्या जागी टाच उचलली आणि फळीवर एकदा हलकेच आपटली. दहा-बारा फुटांवर बसलेल्या मंगलनं मान वळवून बापाकडे बघितलं. दचकली नाही. काय, अशी भुवई उडवली. दाजींनी काही नाही, असा हात हलवला आणि ती पुन्हा पाटीकडे वळली. तेवढ्यात आक्का स्वयंपाकघरातून चहा घेऊन निघाली. ती अजून उंबऱ्यातच होती, तोवर मंगलनं न बघता पाटी उचलून तिला जागा करून दिली.

"पासष्टला सुरुंग जवळ फुटला," दाजी म्हणाले. "बावीस दिस दोन्ही कान बंद. हास्पिटल म्हंजी लाकडी बराक, खाली समद्या फळ्या. कोन मागनं आलं, कोन म्होरनं आलं, खाटंच्या पायातनं कळायचं. डाक्टरचा बूट येगळा, नर्सबाईचा येगळा. तितं भ्या न्हाई वाटलं. मग पुन्याला हालवलं. तितं दगडी फरशी. कोन कवा उशाला हुबं ऱ्हाईल, पत्त्या लागायचा न्हाई. सुभेदार मानूस मी, पर तितं रडलोय." मंगलच्या पाठीकडे बघत ते म्हणाले, "पोरगी सा वर्सं त्या फरशीवरच हाय, मास्तर."

मी विचारलं, की मग आधी का सांगितलं नाहीत. निदान आक्काला तरी.

"आन् न्हाई जमलं असतं तर?" दाजी म्हणाले. "हिला आशा लावायची, आन् मग न्हाई म्हनायचं. ते माज्यानं झालं नसतं."

महिनाभर ती जमीन चांगली होती, तेवढ्यात मंगल पावलं ओळखायला शिकली होती. आईची, बापाची, दूधवाल्याची. जमीन उठली त्या दिवसापासून उत्तरेकडच्या भागात ती पाय ठेवत नव्हती. तिथल्या फळ्या खोटं बोलतात, असं तिनं हातांनी आक्काला सांगितलं होतं. मी चहा तसाच ठेवून फळ्या उचलायला लागलो. पाणसळ मी स्वतः मागून घेतली.

फळ्या सुकेपर्यंत दसरा गेला. मी प्रत्येक रविवारी गेलो, कार्ड न येता. शेवटची फळी रंधायला दीड तास लागला. बोटभर फट मी दोनदा मोजली, दाजींनी तिसऱ्यांदा. पुढच्या पावसात ती जमीन सूतभरही हलली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

त्यापूर्वी, गणपतीला, नातेवाईक जमीन बघायला आले होते. म्हणजे हसायला आले होते. अर्ध्या खोलीत उघडा कोबा आणि कडेला फुगलेल्या फळ्या. चुलत मेहुण्यांनी विचारलं, काय दाजी, ओळंबा कुठं गेला होता? सगळे हसले. मी हातात मोदकाची वाटी घेऊन बसलो होतो. आता मी बोलायला हवं, हे मला कळत होतं. तेवढ्यात दाजी म्हणाले, "माजं माप चुकलं." क्षणभर खोलीत कुणाचा विश्वास बसेना. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी मोदक खाल्ला.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाराव्याला आम्ही सगळे त्याच खोलीत बसलो होतो. मंगल तोवर आपल्याच जुन्या शाळेत मुलींना शिवण शिकवायला लागली होती. ती अनवाणी येऊन जाऊन पाहुण्यांचं बघत होती. कुणीतरी दाजींच्या गोष्टी काढल्या. मांडवाचा खांब निघाला, खिडक्यांच्या काचा निघाल्या. मग तेच मेहुणे म्हणाले, की एवढा मापाचा माणूस, पण जन्मात एकदा चुकलाच. त्या दिवशी मला ते ऐकवलं नाही. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की माप दाजींचं नव्हतं चुकलं, पाचर माझी होती. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. साडूला जपतोय बिचारा, असं बहुतेकांना वाटलं असावं.

माणसं उठल्यावर आक्का माझ्याजवळ येऊन बसली. "मला तवाच ठावं हाय, मास्तर," ती म्हणाली. "त्येंनीच सांगितलं. वर म्हनलं, कुटं बोलू नगंस, मास्तरला लाज वाटंल आन् त्यो यायचा बंद हुईल. मग मी बोलू कुनासंगं?"

मी खाली बघत राहिलो. त्या सगळ्या रविवारी ते मला पुलांच्या गोष्टी सांगत होते. हत्ती कुठल्या नदीवर आले होते आणि दोर कुणाच्या चुकीनं तुटला होता, हे मी आठवून बघितलं. मला आठवलं नाही.